घोडा फक्त खिंकाळत नाही

अलिबागला ओहोटी लागली की टांगे कुलाबा किल्ल्याकडे निघतात. चाकं अर्धी पाण्यात, घोड्याचे पाय भिजलेले, आणि मागे बसलेल्या माणसांनी चपला हातात धरलेल्या. मागच्या हिवाळ्यात अशाच एका टांग्याच्या पाळीची वाट बघत मी पुळणीवर उभी होते. टांगेवाल्या काकांच्या दोन घोड्या. एक, राणी, आमच्यासमोर जुंपलेली. दुसरी, चांदणी, काकांच्या मुलाबरोबर किल्ल्याकडे गेलेली. राणी मान खाली टाकून, मागचा एक पाय ढिला सोडून, अर्धवट डुलकीत होती.

एकदम तिने मान वर केली. दोन्ही कान समुद्राकडे रोखले, नाकपुड्या फुलवल्या आणि पोटापासून हलत एक लांबलचक खिंकाळी दिली. मला तर समोर नुसतं चकाकणारं पाणी दिसत होतं.

"चांदणी निघाली तिकडून," काका म्हणाले. "थांबा ताई, दिसेल आता."

थोड्या वेळाने वाऱ्यावरून एक बारीक उत्तर आलं. मग किल्ल्याच्या बाजूने एक ठिपका हलायला लागला.

मी काकांना विचारलं, ती चांदणीलाच हाक मारत होती कशावरून? भूक लागली असेल, कंटाळली असेल. काका म्हणाले, भुकेचा आवाज वेगळा, घाबरल्याचा वेगळा, रुसल्याचा वेगळा. पस्तीस वर्षं घोड्यांच्या संगतीत काढलेल्या माणसाला ते ओळखू येतं. मला मात्र शाळेत एकच क्रियापद मिळालं होतं: गाय हंबरते, कुत्रा भुंकतो, घोडा खिंकाळतो. आमच्या घरी बैल होते, म्हशी होत्या. घोडा कधीच नव्हता. कोकणात बहुतेकांचं असंच आहे. पाखाड्या चढायच्या, तरीने खाडी ओलांडायची, शेत वीतभर. इथे घोडा कशाला कोण बांधेल? म्हणून त्या दिवसानंतर मी हा विषय धरून ठेवला. वाचलं, काकांना पुन्हा पुन्हा विचारलं, राणीजवळ बसून ऐकलं. जे समजलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात खिंकाळीपासूनच करू, कारण घोड्याच्या सगळ्या आवाजांत ती मोठी आणि लांब पल्ल्याची. मोकळ्या जागेत ती किलोमीटरभर ऐकू जाते. कळपात राहणाऱ्या जनावराला इतक्या लांब पोहोचणारी हाक लागतेच. डोळ्याआड गेलेल्या सोबत्याला "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" एवढंच त्यात विचारलेलं असतं. त्या दिवशी राणीची हाक किल्ल्याकडे जाताना दमत होती आणि चांदणीचं उत्तर सहज येत होतं, त्यालाही कारण आहे. दुपारी कोकणात वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज जमिनीलगत वाकून येतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा वर उचलला जातो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो.

खिंकाळी नीट ऐकली तर तिचे तीन तुकडे पडतात. सुरुवातीला एक टोकदार, वरच्या पट्टीतला आवाज. मग मोकळा, भरलेला, थरथरता मधला भाग. आणि शेवटी खाली उतरत जाणारे, तुटक तुटक, घशातले ठोके. आता "खिंकाळी" हा शब्दच सावकाश उच्चारून बघा. "खिं" वर नाकात जातो, "का"ला तोंड उघडतं, "ळी"ला जीभ वळून आवाज विरतो. ज्याने कुणी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला त्याने घोडा नीट ऐकला होता.

या आवाजात आणखी एक नवल आहे. खिंकाळीत एकाच वेळी दोन स्वतंत्र सूर असतात, एक खालचा, एक बराच वरचा. माणसाच्या नेहमीच्या बोलण्यात स्वराची एकच मूळ पट्टी असते. घोडा जणू एकाच श्वासात दोन वाद्यं वाजवतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी घोड्यांना सोबत्यांपासून वेगळं केलं, परत एकत्र आणलं, आणि दोन्ही वेळच्या खिंकाळ्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यातून दिसलं ते असं: खालचा सूर घोडा किती उत्तेजित आहे ते सांगतो. जितकी खळबळ जास्त, तितका तो सूर चढतो. पण ही खळबळ आनंदाची की दुःखाची, ते वरच्या सुरात कळतं. सोबती परत भेटला की वरचा सूर उतरतो आणि खिंकाळी आखूड होते. सोबती दूर जात असेल तर सूर चढा आणि हाक लांब. भावना किती आहे आणि कोणती आहे, या दोन गोष्टी दोन वेगळ्या तारांवर वाजतात.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे. जाताना लांब ओढते. येताना छोटी."

आणि ही हाक कुणाची आहे तेही घोड्याला कळतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात २००९ साली एक सुंदर प्रयोग झाला. घोड्यासमोरून त्याच्या कळपातला एक सोबती चालवत नेऊन आडोशाला दडवला. थोड्या वेळाने तिथे ठेवलेल्या स्पीकरमधून खिंकाळी ऐकवली. कधी त्याच घोड्याची, कधी कळपातल्या दुसऱ्याच कुणाची. आवाज भलत्याचाच निघाला की घोडा चटकन वळून बघायचा आणि जास्त वेळ बघत राहायचा. गेला एक आणि बोलतोय दुसराच, हे त्याला खटकत होतं. म्हणजे त्याच्या डोक्यात प्रत्येक सोबत्याचं रूप आणि आवाज एकत्र बांधलेले असतात. पुढे २०१२ मध्ये त्याच विद्यापीठात ओळखीच्या माणसांच्या बाबतीतही घोडे हेच करतात असं दिसलं. काकांचा मुलगा लांबून नुसता खोकला तरी राणीचा एक कान तिकडे जातो, ते मी स्वतः पाहिलं आहे.

कानाचा विषय निघाला आहे तर थोडं त्याबद्दल. घोड्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे जवळजवळ अर्ध्या वर्तुळात फिरतो. आपल्याला सुमारे २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचं, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचं, ऐकू येतं; घोड्याला सुमारे ५५ पासून ३३ हजारांपर्यंत. ढोलाचा अगदी खालचा घुमारा त्याला आपल्याइतका जाणवत नाही, पण आपल्या कानापलीकडची बारीक शीळ त्याला स्पष्ट ऐकू येते. मात्र आवाज नेमका कुठून आला ते ठरवण्यात घोडा आपल्यापेक्षा पुष्कळ मागे आहे. आपण एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक ओळखतो. त्याला पंचवीसेक अंशांचा फरक लागतो. म्हणून तो आवाजाच्या अंदाजाने मान वर करतो आणि पुढचं काम डोळ्यांवर सोपवतो. वरातीत डीजे लावून त्याला चारही बाजूंनी दणदणाटात उभं केलं की त्याच्या डोळ्यांचं पांढरं का दिसायला लागतं, ते यावरून समजेल. हे थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता नाकाकडे येऊ, कारण घोड्याचं अर्धं बोलणं नाकातून चालतं. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही. त्याचा मऊ टाळू इतका लांब आणि घशाशी असा घट्ट बसलेला असतो की तोंड आणि श्वासनलिका यांच्यामध्ये पडदाच तयार होतो. कितीही धापा टाकल्या तरी हवा नाकपुड्यांतूनच आत-बाहेर जाते. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापणारा घोडा तुम्ही कधी पाहिला नसेल, तो त्यामुळेच. त्या नाकपुड्या मोठ्या, मऊ आणि हलत्या. त्यांतून जोराने हवा सुटली की त्या फडफडतात, आणि आपल्याला ऐकू येते ती फुरफुर.

मराठीत फुरफुरणं म्हणजे राग, आवेश. "रागाने फुरफुरत निघून गेला" असं आपण म्हणतो. लढाईच्या वर्णनात घोडे हटकून फुरफुरतात. मीसुद्धा हेच धरून चालले होते. पण काका राणीला खरारा करत होते त्या दिवशी मी जवळ बसले होते. मानेवरून, खांद्यावरून, पाठीवरून खरारा फिरत होता. धूळ आणि वाळलेलं मीठ पांढऱ्या भुकटीसारखं उडत होतं. राणीचा खालचा ओठ लोंबायला लागला, डोळे मिटत आले, मान हळूहळू गुडघ्यापर्यंत उतरली. आणि मग तिने एक लांब, ओली, सैल फुरफुर सोडली. माझ्या हातावर तुषार उडाले. त्यात रागाचा लवलेश नव्हता. दिवसभराचं काम संपवून, पाय धुऊन ओटीवर टेकलेला माणूस जसा "हुश्श" करतो, तशी ती होती.

फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली हेच मोजून दाखवलं. ४८ घोड्यांच्या फुरफुरण्याची नोंद त्यांनी ठेवली. ठाणात कोंडलेले असताना घोडे कमी फुरफुरतात, कुरणात मोकळे चरताना जास्त. आणि फुरफुरताना कान, अंग बहुधा निवांत असतात. नाकातली धूळ झटकायलाही ते फुरफुरतात, पण तेवढ्यासाठीच नाही.

मग लढाईतले फुरफुरणारे घोडे खोटे का? तसंही नाही. नाकातून निघणारे आवाज दोन आहेत आणि आपण दोघांनाही एकाच शब्दात कोंबलं आहे. दुसरा आवाज आखूड, कोरडा, एखादी पिशवी फटकन फुटावी तसा. नाकपुड्या फडफडत नाहीत, ताठ राहतात. मान उंच, शेपटी उचललेली, डोळे एका जागी खिळलेले. पाण्यातून वर आलेलं काळं प्लास्टिक, सुरूच्या बनातून अचानक निघालेला कुत्रा, किनाऱ्यावर उडणारं पॅराशूट, असं काही दिसलं की राणी हा आवाज करते आणि आजूबाजूचे सगळे घोडे मान वर करतात. तो इशारा असतो. याला मी फुत्कार म्हणते. सापाच्या फुत्काराशी त्याचं नातं आहे: हवा जोराने सोडलेली, आणि अर्थ एकच, "सावध." निवांतपणाची ती फुरफुर, धोक्याचा तो फुत्कार. मराठीत दोन्ही शब्द आधीपासून आहेत. फक्त घोड्याच्या बाबतीत ते वेगळे वापरायला हवेत. पुळणीवर पोराला घोड्यावर बसवताना घोडा फुत्कारतो आहे असं दिसलं तर त्या क्षणी बसवू नका. तो शांत होऊन फुरफुरेपर्यंत थांबा.

पुढचा आवाज घोडे भेटतात तेव्हाचा. दोन अनोळखी घोडे नाकाला नाक लावून एकमेकांचा वास घेतात, क्षणभर सगळं स्तब्ध असतं, आणि मग एकाच्या तोंडून कर्कश, आखूड आवाज निघतो, बऱ्याचदा पुढचा पाय जमिनीवर आपटत. घोडीला जवळ आलेला नर नको असतो तेव्हाही हाच. ही किंकाळी. खिंकाळी आणि किंकाळी या शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, अर्थात मात्र पाठ फिरवण्याइतका. एकीत "ये" असतं, दुसरीत "लांब हो".

आणि आता माझ्या सर्वांत आवडीचा आवाज, ज्याला शब्दच सापडत नाही.

संध्याकाळी काका बादलीत चंदी कालवायला लागले, भिजवलेले हरभरे आणि भुसा, की बादलीच्या कडीचा आवाज होताच राणी बोलायला लागते. तोंड बंद. ओठसुद्धा हलत नाहीत. नुसत्या नाकपुड्या थरथरतात आणि छातीतून एक खोल, मऊ, तुटक गुणगुण येते, हुं-हुं-हुं-हुं. चार पावलांवर उभं असाल तरच ऐकू येईल इतका हलका. खिंकाळीच्या शेवटी जे उतरते ठोके असतात, तेच इथे एकटे, जवळून. घोडी नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला चाटताना हाच आवाज करते. शिंगरू उभं राहायची धडपड करत असतं आणि आईचा हा आवाज त्याच्या कानात जात असतो. नर माजावर आलेल्या घोडीकडे जाताना हाच आवाज जरा लांबवतो. तिन्ही ठिकाणी समोरचा जवळ असतो, आणि आणखी जवळ यावा अशी इच्छा असते.

याला मराठीत काय म्हणायचं? गुरगुरणं म्हणावं तर त्यात कुत्र्याचा राग येतो. घुरघुर म्हणजे झोप. खिंकाळणं तर नव्हेच. मी काकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? ते चंदी ढवळत म्हणाले, "काय म्हणणार? बोलते ती." घोडा पाळणाऱ्याला वेगळा शब्द लागत नाही, कारण आवाज त्याच्यासमोरच असतो. लांबून लिहिणाऱ्याला लागतो. मला हुंकार हा शब्द पटतो. मिटल्या ओठांनी, नाकातून, आपलेपणाने दिलेला प्रतिसाद म्हणजे हुंकार. गोष्ट ऐकताना मूल "हुं" म्हणतं तसा. तेव्हा घोडी शिंगराला हुंकारते, असं मी लिहीन.

शब्दांचा हिशोब करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. घोड्याच्या अंगावर जे जे चढवतात त्याची नावं घ्या: लगाम, रिकीब, जीन, खोगीर, तोबरा, पायातला नाल. त्याची काळजी घेणारा सईस. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आले, घोड्यांबरोबर. आणि ते घोडे पुष्कळदा याच किनाऱ्याने आले. अलिबागपासून जवळ असलेलं चौल हे जुनं बंदर. इराणी आखातातल्या होर्मुझहून जहाजात घोडे चढवत आणि इथे उतरवत. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला घोडदळासाठी ते हवेच असत. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथल्या सुभेदाराने तो घोडाच हिसकावून घेतला, आणि निकितीनला तो परत मिळवताना नाकी नऊ आले. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. पुढे १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि घोड्यांची जहाजं आपल्याच बंदराला लागावीत अशी व्यवस्था केली, कारण जकातीचं उत्पन्न मोठं होतं. आठवड्यामागून आठवडे जहाजाच्या पोटात हिंदकळत आलेल्या त्या घोड्यांनी चौलच्या धक्क्यावर पाय ठेवल्यावर काय आवाज केला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण आवाजांचे शब्द बघा: खिंकाळणं, फुरफुरणं, टाप, दुडकी. यांत बाहेरचं काही नाही. सामानाची नावं सामानाबरोबर उतरली. आवाजांची नावं इथल्या कानांनी घडवली.

आणि हे कान फार जुने आहेत. संस्कृतात घोड्याच्या आवाजाला हेषा आणि ह्रेषा असे दोन शब्द आहेत. अमरकोशात ते शेजारी शेजारी दिले आहेत. दोन्हींत आधी "ह"चा श्वास आणि मग "ष"ची घर्षणाची सळसळ, म्हणजे हाही ऐकूनच केलेला शब्द. अश्वत्थामा हे नावही घोड्याच्या आवाजावरून पडलेलं. महाभारतात सांगितलं आहे की द्रोणांचा हा मुलगा जन्मताच उच्चैःश्रवा या दिव्य घोड्यासारखा खिंकाळला, तो आवाज दिशादिशांत पोहोचला, म्हणून त्याचं नाव अश्वत्थामा. जन्माला येताच बाळाने टाहो फोडला आणि कुणाला तरी त्यात घोडा ऐकू आला, हे मला फार जिवंत वाटतं.

घोडा नसलेल्या गावांतही त्याचा आवाज पोहोचला आहे. गोव्यात शिगम्याला डिचोली-सत्तरीकडे घोडेमोडणी होते; कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन नाचणारे गडी ढोल-ताशांच्या ठोक्यावर टापांची चाल पायांनी उभी करतात.

टापांचं गणित सोपं आहे, एकदा कळलं की कायमचं कळतं. घोडा चालतो तेव्हा चार पाय एकामागून एक पडतात: चार सारखे ठोके. दुडक्या चालीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून दोन ठोके, दुड-दुड, दुड-दुड. शब्दातच तो ठेका आहे. त्याहून वेगाच्या दौडीत तीन ठोके आणि मग क्षणभर शांतता, कारण तेव्हा चारही पाय हवेत असतात. आणि भरधाव सुटला की पुन्हा चार, पण घाईने एकमेकांवर आदळणारे, मग शांतता. चौखूर उधळणं म्हणतात ते हेच.

या शेवटच्या दोन चालींत आणखी एक आवाज मिसळतो, श्वासाचा. दौडणाऱ्या घोड्याचा श्वास त्याच्या पावलांना बांधलेला असतो: एका ढांगेला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर आले की हवा बाहेर; अंग वर उचललं की हवा आत. भात्यासारखं. म्हणून ओल्या पुळणीवरून घोडा जवळून धावत गेला तर टापांच्या "थप्प"मध्ये मिसळलेला "फूं, फूं, फूं" ऐकू येतो. कोरड्या वाळूत टापा जवळजवळ मुक्या होतात आणि नुसता श्वासच ऐकू येतो.

डांबरी रस्त्यावर मात्र टापा पुष्कळ काही सांगतात. खणखण वाजली तर नाल सैल झालाय. चार ठोक्यांत एक हलका पडत असेल तर त्या पायात दुखणं आहे. घोडा दुखरा पाय जपून टेकतो आणि बरा पाय जोराने. टांग्यात बसण्याआधी घोडा रस्त्यावरून दहा पावलं चालताना ऐका. ठोके सारखे नसतील तर बसू नका, आणि टांगेवाल्याला का ते सांगा.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावत होत्या, तेव्हा हे ऐकणारे कान शहरभर होते. पुढे विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, विजेमुळे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय मोजमापांत गोंधळ होणार होता, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. आजही ते इथे चालतं. मुंबईच्या ट्रामचे घोडे गेल्यामुळे आमच्या गावाला वेधशाळा मिळाली, हे इथल्या थोड्याच लोकांना माहीत आहे.

एक आवाज आजाराचा. मोठ्या बांध्याच्या काही घोड्यांना पळताना श्वास आत घेतेवेळी करवतीसारखी घरघर येते. बहुतेक वेळा डावी स्वरतंतू नीट उघडत नसते. तिची नस मेंदूकडून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालून पुन्हा वर घशात येते. एवढ्या लांबच्या वाटेत ती कमकुवत होते असं मानतात. असा घोडा खिंकाळतानाही बदललेला वाटतो. त्याला पळवू नये, पशुवैद्याला दाखवावं.

पण कोकणातल्या घोडेवाल्याला खरी भीती पोटशुळाची. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वाईट वर येऊन सुटत नाही, पुढेच जावं लागतं. म्हणून पोटाचा आवाज ऐकणं हे रोजचं काम आहे. काका रात्री झोपण्याआधी राणीच्या बरगड्यांच्या मागे, कुशीवर कान टेकतात. मलाही त्यांनी एकदा ऐकवलं. डाव्या बाजूला बारीक खळखळ, उकळत्या पेजेसारखी. उजवीकडे मिनिटभर काही नाही, आणि मग एकदम नाल्यात पाण्याचा लोंढा यावा तसा घरंगळता, मोठा आवाज. तो दर एक-दोन मिनिटांनी एकदा यायला हवा. घोडा पाय आपटतोय, वळून वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय, घाम सुटलाय, चारा सोडलाय, आणि कुशीतून आवाज येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री डॉक्टरांना बोलवायचं.

आणि किनाऱ्यावरच्या घोड्यांचा एक वेगळा पोटशूळ आहे. चारा वाळूवर टाकला की घोडा घासाबरोबर वाळू खातो. वाळू जड, ती मोठ्या आतड्याच्या तळाशी साचत जाते. पोटाच्या खालच्या बाजूला, छातीच्या हाडाच्या मागे स्टेथोस्कोप लावून दोन-चार मिनिटं धीराने ऐकलं तर ती वाळू सरकताना ऐकू येते. पशुवैद्य तो आवाज किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसारखा असतो असं सांगतात.

राणीच्या पोटात हा आवाज नाही. काका तिची चंदी कधीच खाली टाकत नाहीत. कापडी तोबऱ्यात भरतात, तो तिच्या तोंडाला बांधतात, दोरी कानामागे घेतात. ती आत नाक घालते, दोनदा हुंकारते, आणि मग नुसतं हरभरे फोडल्याचं कुडुम कुडुम.